पगाराचा दिवस आणि दारूचे दुकान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मजुरीवाढीसाठी महिनोन्महिने लढावे, मोर्चे काढावेत, निवेदने द्यावीत, आणि शेवटी पदरात पडलेल्या वाढीचा मोठा भाग कामगाराच्या घरी पोहोचण्याआधी वाटेवरच्या देशी दारूच्या दुकानातच जिरावा, हा अनुभव ज्याला आला नाही असा कामगार-कार्यकर्ता महाराष्ट्रात विरळा. तरीही संघटनेच्या बैठकीत या विषयाला क्वचितच स्थान मिळते. कुणाला तो गांधीवाद्यांचा आणि कीर्तनकारांचा विषय वाटतो. कुणाला तो ज्याच्या त्याच्या खाजगी आयुष्याचा प्रश्न वाटतो. आणि कुणाला, आपल्याच शाखेतील चार जणांची अडचण होईल म्हणून, तो नकोच असतो. पहिले दोन आक्षेप विचाराचे आहेत, तिसरा सोयीचा आहे. तिन्हींचा परामर्श घ्यायचा तर दारू कोण पितो, किती पितो, कशी पितो आणि तिचे परिणाम कोणाच्या वाट्याला येतात, हे आधी पाहिले पाहिजे. उपदेशाची वेळ त्यानंतर येते. कदाचित येतही नाही.

भारतात बहुसंख्य माणसे दारू पीत नाहीत, ही पहिली वस्तुस्थिती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सव्वा टक्का दारू पितात असे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण पुरुषांत सुमारे १४ टक्के आणि स्त्रियांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. हे आकडे लोकांनी पाहणी करणाऱ्यास दिलेल्या उत्तरांचे आहेत. घरातल्या दारूविषयी माणूस परक्यासमोर मोकळेपणी बोलतोच असे नाही. पण त्यातून दिसणारे चित्र खोटे नाही. शहरी पुरुषांपेक्षा ग्रामीण पुरुषांत पिण्याचे प्रमाण अधिक आहे, आणि आदिवासी पुरुषांत तर पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटात ते तेहतीस टक्क्यांच्या घरात जाते. दारू ही शहरी सुखवस्तूंची चैन आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसरी वस्तुस्थिती याहून महत्त्वाची आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दहा ते पंचाहत्तर या वयोगटात सुमारे सोळा कोटी माणसे दारू पितात. त्यांतील जवळजवळ पावणेतीन ते तीन कोटींना दारूचे व्यसन जडलेले आहे, म्हणजे त्यांचा दिवस तिच्यावाचून सरत नाही. आणि व्यसन नसले तरी पिण्याने अपाय होऊ लागला आहे अशांना त्यांच्यात मिळवले, तर ही संख्या पावणेसहा कोटींच्या आसपास जाते. पिणाऱ्यांपैकी त्रेचाळीस टक्के माणसे एका बैठकीत चार मापांहून अधिक घेतात. जेवणाबरोबर एखादा पेला घेऊन थांबण्याची जी पद्धत युरोपच्या काही भागांत रूढ आहे, ती येथे रुजलेली नाही. येथे एकतर माणूस पीत नाही, आणि प्यायला तर झिंगण्यासाठी पितो. देशातील एकूण दारूला एकूण माणसांनी भागून जी सरासरी निघते ती म्हणूनच फसवी असते. न पिणाऱ्या असंख्यांच्या आड ती थोड्यांचे अतोनात पिणे लपवते.

माप म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. आरोग्यशास्त्रात दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्काचे एक माप धरतात. चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत, ज्याला सर्वत्र ‘क्वार्टर’ म्हणतात तिच्यात, सुमारे सत्तावन्न ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे एक क्वार्टर ही जवळजवळ सहा मापे झाली. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची मोठी बाटली चार मापांची असते. दिवसभर विटा वाहून किंवा ऊस तोडून, रिकाम्या पोटी, दुकानाच्या बाहेर उभ्याउभ्या, पाण्याचा घोट आणि चिमूटभर मीठ किंवा शेंगदाणे यांवर पाच-दहा मिनिटांत क्वार्टर संपवणारा माणूस सहा मापे एका दमात पोटात घालतो. ‘मी फक्त एक क्वार्टर घेतो’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे नाही.

ही पद्धत इथल्या मातीतून उगवली काय? इतिहास तसे सांगत नाही. ताडी, माडी, मोहाची दारू ही सणावाराची, लग्नाची, देवकार्याची पेये होती. ताडीत मद्यार्काचे प्रमाण कमी असते आणि ती ताजी प्यावी लागते. साठवून दूरवर विकता येत नाही. इंग्रज सरकारला महसुलाच्या दृष्टीने ती गैरसोयीची होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणे गुन्हा ठरले, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि कारखान्यात गाळलेली कडक दारू मक्तेदारांमार्फत विकली जाऊ लागली. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा भागांत मोहफुलांचा साठा आणि विक्री यांवरही निर्बंध आले. आदिवासीच्या दारात पडणारे फूल गोळा करणे हा अपराध झाला, आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर उधारीने पिणे मात्र कायदेशीर झाले. गुत्तेवाला, सावकार आणि जमीनदार बहुतेक ठिकाणी एकच होता. कडक दारू, रोखीचा किंवा उधारीचा धंदा आणि सरकारचा वाटा ही आजची सारी व्यवस्था तेव्हा उभी राहिली. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये त्यांनी शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले, ते काही सोवळेपणाने नव्हे. दारूने कोणाची घरे बसतात, हे ते पाहत होते.

आता शरीराकडे वळावे. मद्यार्क यकृतात मोडतो आणि त्यापासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. ते पुढे निरुपद्रवी द्रव्यात बदलते खरे. पण रोज भार पडला की यकृताच्या पेशी त्याखाली दबतात. प्रथम यकृतात चरबी साठते. या टप्प्यावर माणसाने दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. पुढे सूज येते, नंतर निरोगी पेशींच्या जागी घट्ट व्रण तयार होतात, पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते. तेथून माघारीची वाट फार थोड्यांना सापडते. या प्रवासाला वर्षे लागतात आणि बराच काळ माणसाला काहीच जाणवत नाही. ‘इतकी वर्षे पितो, मला काय झाले?’ असे म्हणणाऱ्याला हे सांगितले पाहिजे.

यकृत हा एकच बळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्ययुक्त पेयांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या जागांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झाला आहे. तोंडाच्या आणि घशाच्या बाबतीत तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही. तो त्याहून कितीतरी पटींनी वाढतो. ज्या महाराष्ट्रात गालात तंबाखूची गोळी आणि विदर्भात खर्रा हे मजुराच्या दिवसाचे सोबती आहेत, तेथे याचा अर्थ स्पष्ट आहे. रोज चार मापांहून अधिक पिणाऱ्यास क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती खचते. आणि क्षयाचे औषध मध्येच सुटण्याचे एक मोठे कारणही दारूच असते. रक्तदाब, पक्षाघात, स्वादुपिंडाची सूज, जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी मेंदूची हानी, रस्त्यावरचे अपघात, परातीवरून पडणारे बांधकाम मजूर, आत्महत्या ही यादी लांबत जाते. ‘थोडी दारू हृदयाला चांगली’ हे वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत अजून ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल असे दारूचे कोणतेच प्रमाण नाही. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगात सव्वीस लाख माणसे दारूमुळे मरण पावली. त्यांत वीस लाख पुरुष होते. वीस ते एकोणचाळीस या कमावत्या वयात होणाऱ्या मृत्यूंत दारूचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे तेरा टक्के होता.

आणि जी स्वतः थेंबही पीत नाही, तिच्या वाट्याला काय येते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत, नवरा दारू पीत नाही अशा स्त्रियांपैकी सुमारे तेवीस टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले; जिथे नवरा वारंवार झिंगून येतो, तिथे हे प्रमाण सत्तर टक्के होते. यातला पहिला आकडाही विसरू नये. दारू नसली तरी चारांतल्या जवळजवळ एका स्त्रीवर हात उगारला जातो. म्हणजे पुरुषी सत्तेचे मूळ बाटलीत नाही. पण बाटली त्या सत्तेच्या हातात काठी देते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

येथे एका बारीक, पण कळीच्या मुद्द्याकडे लक्ष वेधले पाहिजे. सारख्याच प्रमाणात पिणाऱ्या श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच अपाय होतो काय? या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास स्कॉटलंडमध्ये झाला आहे. तेथे पिण्याचे प्रमाण, धूम्रपान, वजन या साऱ्यांचा हिशेब वजा केल्यावरही गरीब वस्तीतील माणसांना दारूमुळे होणारी इजा आणि मृत्यू श्रीमंतांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. तोच पेला दोघांनी घेतला, पण एकाच्या मागे पोटभर अन्न, विश्रांती, वेळीच डॉक्टर आणि सुटी आहे. दुसऱ्याच्या मागे अपुरे जेवण, अंगमेहनत, क्षय आणि कर्ज आहे. जे स्कॉटलंडसारख्या तुलनेने सधन देशात घडते, ते मराठवाड्याच्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत किती तीव्र असेल, हे सांगायला नको. दारूचा अपाय हा वर्गाप्रमाणे वाटला जातो. हा प्रश्न समाजवाद्यांचा आहे, तो याच कारणाने.

मग व्यवस्था काय करते? तिचा हिशेब तिजोरीचा आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला तेव्हा पिण्याची दारू त्यातून वगळण्यात आली. राज्यांच्या हाती स्वतःच्या मर्जीने वाढवता येणारे जे मोजके कर उरले, त्यांत दारू आणि पेट्रोल हे मुख्य. म्हणून कोणत्याही पक्षाचे सरकार असो, तूट दिसली की नजर दारूकडे वळते. मे २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघालेले असताना अनेक राज्यांनी आधी उघडली ती दारूची दुकाने. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरील शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील अशी अपेक्षा बाळगली. सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा, मधल्या किमतीचा प्रकारही काढला. शुल्क वाढवण्याला विरोध करण्याचे कारण नाही, कारण महाग दारू कमी प्यायली जाते. पण आरोग्यासाठी कर बसवणारे सरकार विक्री घटली तर आनंदते, आणि महसुलासाठी कर बसवणारे सरकार विक्री घटली की अस्वस्थ होते. नव्या प्रकारची दारू काढणारे सरकार यांपैकी कोणते, हे उघड आहे.

एका साध्या हिशेबाने हे घरात आणून पाहावे. या निर्णयानंतर देशी दारूच्या क्वार्टरची किमान किंमत ऐंशी रुपये झाली. रोज एक क्वार्टर घेणारा माणूस वर्षाला एकोणतीस हजार रुपये दुकानात ठेवतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला तीनशे बारा रुपये होता. कामाच्या दिवशीच्या मजुरीचा चौथा हिस्सा असा जातो. आणि काम रोज नसते, तहान मात्र रोज असते. या पैशातून शासनाला जो महसूल मिळतो, त्याच्या समोरच्या पानावर इस्पितळाचा खर्च, बुडालेले खाडे, विधवा आणि शाळा सोडलेली मुले लिहिलेली नसतात. वहीचे ते पान त्या घरातली बाई भरते.

ज्याला ऐंशी रुपयेही परवडत नाहीत तो हातभट्टीकडे वळतो, आणि तेथे दुसरा मृत्यू दबा धरून असतो. कारखान्यात वापरायचा मिथेनॉल स्वस्त असतो, चवीने सहज ओळखू येत नाही. शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल होते. दृष्टीची नस प्रथम जळते, मग श्वास जातो. एखाद-दुसरा घोटही डोळे घालवू शकतो. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला सत्त्याऐंशी माणसे अशी मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक मेली. प्रत्येक वेळी काही भट्ट्या फोडल्या जातात, काही पोलीस निलंबित होतात. मिथेनॉल कारखान्यातून वस्तीपर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाचा पाठपुरावा मात्र वृत्तपत्रांतील बातमी जुनी होताच थांबतो. मेलेल्यांत कोणत्याही वेळी एखादा कारखानदार नसतो.

यावर उपाय दारूबंदी, असे म्हणणे सोपे आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने तसा मार्गही दाखवला आहे. पण अनुभव दोन्ही बाजूंचे आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आजही नावाने उभा आहे. पण त्याच्या छायेत बेकायदा भट्ट्यांचे आणि हप्त्यांचे साम्राज्य वाढले, १९६३ पासून परवान्यांची दारे किलकिली झाली आणि १९७३ मध्ये देशी दारूच्या अधिकृत विक्रीचे नियमही आले. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण बंदी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की त्यामुळे नियमितपणे पिणाऱ्यांची संख्या सुमारे चोवीस लाखांनी कमी राहिली आणि सुमारे एकवीस लाख स्त्रिया नवऱ्याच्या हिंसेतून वाचल्या. हे यश लहान नाही. पण त्याच बिहारात लाखो माणसे या कायद्याखाली पकडली गेली, त्यांत गरिबांचा भरणा मोठा होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक जणांचा बळी घेतला. बंदी स्त्रियांना दिलासा देते आणि पोलिसाच्या हाती दंडुकाही देते. या दोहोंपैकी एकच बाजू सांगणारा अर्धे सत्य सांगतो.

दारू हा लोकांच्या रक्ताचा किंवा संस्कृतीचा दोष आहे, आणि शासनाला त्यात काही करता येत नाही, हेही खरे नाही. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी रशियाचे उदाहरण विसरू नये. झारच्या व्होडकाच्या मक्तेदारीवर टीका करणाऱ्यांनीच सत्ता हाती आल्यावर १९२५ मध्ये ती मक्तेदारी परत आणली, आणि पुढे व्होडका सोव्हिएत तिजोरीचा मोठा आधार बनली. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी उत्पादन आणि विक्रीला आळा घातला, तेव्हा दोन-तीन वर्षांत पुरुषांचे सरासरी आयुर्मान बासष्टच्या आसपासून पासष्टकडे गेले. मोहीम गुंडाळली, बाजार मोकाट झाला, आणि १९९४ पर्यंत ते अठ्ठावन्नच्याही खाली कोसळले. २००६ नंतर किमान किंमत, रात्रीच्या विक्रीवर बंदी, जाहिरातींवर निर्बंध असे उपाय क्रमाक्रमाने आले, दारूचा खप घटला आणि २०१९ पर्यंत आयुर्मान अडुसष्टच्या घरात पोहोचले. लोक तेच होते, हवाही तितकीच थंड होती. बदलली होती ती दारूची किंमत, दुकानाची वेळ आणि राज्यकर्त्यांचे धोरण.

मात्र वरून आलेले धोरण वरूनच मागेही घेतले जाते. १९९२ मध्ये आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावच्या, साक्षरता वर्गात अक्षरे गिरवणाऱ्या स्त्रियांनी अर्काची दुकाने बंद पाडली. चळवळ राज्यभर पसरली, १९९३ मध्ये अर्कावर आणि १९९५ मध्ये साऱ्या दारूवर बंदी आली. १९९७ मध्ये तिजोरीने ती सैल केली. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये ती उठली. याच्या तुलनेत शेजारच्या गडचिरोलीत, जिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावागावांच्या ठरावांतून चळवळ उभी राहिली, तिथे १९९३ ची बंदी आजतागायत उठलेली नाही. चोरटी दारू तिथेही येते. फरक इतकाच, की तिच्याविरुद्ध उभे राहणारी माणसे गावात आहेत, आणि बंदी उठवू पाहणाऱ्याला आधी त्यांच्याशी बोलावे लागते.

कष्टकऱ्यांच्या चळवळींचा या बाबतीतला वारसा थोडाथोडका नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या ‘देवी’च्या चळवळीत आदिवासींनी दारू सोडली, तेव्हा गुत्तेवाले जमीनदार हवालदिल झाले होते. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी शहादा तालुक्यात भूमिहीन आदिवासींची संघटना जमिनीसाठी लढत असताना तिच्यातील स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. जमिनीची लढाई आणि घरातली लढाई त्यांनी वेगळी मानली नाही. छत्तीसगडच्या दल्ली राजहरा येथे लोहखाणीतील कंत्राटी मजुरांनी १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरी वाढवून घेतली. वाढलेली मजुरी दारूत चालली आहे, हे त्यांच्या संघटनेने पाहिले आणि ते पाहून मान फिरवली नाही. संघटनेने दारूविरोधी मोहीम काढली, शपथ मोडणाऱ्यास दंड ठेवला, आणि तेवढ्यावर न थांबता मजुरांच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. दारू सोडायला सांगणाऱ्या हाताने औषधही पुढे केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कारण व्यसन हा आजार आहे. २०१९ च्या त्या अहवालानुसार दारूचे व्यसन जडलेल्या अडतीस जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी माणसे परत उभी राहतात हे दाखवून दिले; पण अशी केंद्रे तालुक्याच्या इस्पितळात असायला हवीत, आणि ती तेथे नाहीत. कार्यकर्त्यांनी एक गोष्ट तर पाठच करावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असा प्रकार होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. अशा माणसाला खोलीत कोंडणे, झाडाला बांधणे, नवसाला नेणे हे क्रौर्य आहे. त्याला इस्पितळात न्यायचे असते.

यातून कामाची दिशा निघते. पहिले काम संघटनेच्या घरातले. निवडणुकीत बाटली वाटणाऱ्यावर टीका करायची आणि मेळाव्यानंतर आपणच ‘सोय’ करायची, हे चालणार नाही. मजुरीचा करार करताना ती मजुरी गुत्त्याजवळ, मुकादमाच्या हातून, संध्याकाळी न मिळता बँकेत किंवा घरातील स्त्रीच्या उपस्थितीत मिळावी, असा आग्रह धरता येतो. दुसरे काम गावातले. महाराष्ट्रात गावातील एकूण मतदारांच्या, किंवा एकूण स्त्री-मतदारांच्या, निम्म्याहून अधिकांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद करावे लागते. ही तरतूद कठीण आहे, कारण मत न देणारीही विरोधात मोजली जाते. म्हणून मतदानाच्या दिवशी शेवटच्या घरातल्या आजीलाही केंद्रापर्यंत आणणारी संघटना लागते. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने दारूबंदी करण्याचा वा विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो कागदावरून चावडीवर आणला पाहिजे. तिसरे काम शासनाशी भांडण्याचे. दारूचा महसूल दरवर्षी किती, आणि व्यसनोपचारावर खर्च किती, हे दोन आकडे प्रत्येक अधिवेशनात शेजारी शेजारी मांडायला लावावेत. सोडा आणि पाण्याच्या नावाखाली चालणाऱ्या दारूच्या जाहिराती बंद करायला लावाव्यात. मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा माग ठेवायला लावावा. आणि कारवाई झालीच तर ती पिणाऱ्याच्या पाठीवर न होता विकणाऱ्याच्या नफ्यावर व्हावी, यासाठी दक्ष राहावे.

आरंभी जे दोन वैचारिक आक्षेप सांगितले, त्यांचे उत्तर यात आले आहे. हा केवळ नीतीचा प्रश्न म्हणून कीर्तनकारांवर सोपवता येत नाही, कारण दुकान कोठे असावे, दारू किती कडक असावी आणि नफा कोणाचा, हे राजकारण ठरवते. आणि तो खाजगी स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून सोडूनही देता येत नाही. ज्याला व्यसनाने धरले आहे त्याचे स्वातंत्र्य दुकानदाराने कधीच विकत घेतलेले असते, आणि त्याच्या बायकोला तर कोणी विचारलेलेच नसते.

तिसऱ्या, सोयीच्या आक्षेपाला उत्तर भाषणातून देता येत नाही. ते प्रत्येक शाखेने येत्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी, दुकानाच्या वाटेवर उभे राहून द्यायचे आहे.